हंगामातील विजयसंख्येचे भाकीत आणि सट्ट्याचा हिशेब

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये प्रत्येक संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो. हंगाम सुरू होण्यापूर्वी तेथील बुकी प्रत्येक संघासाठी एक आकडा जाहीर करतात. समजा, तो ८६.५ आहे. संघाचे एकूण विजय त्याहून अधिक होतील की कमी, एवढ्यावरच पैज लागते. अर्धा विजय अशी वस्तू अस्तित्वात नाही. तो अर्धा केवळ बरोबरी टाळण्यासाठी असतो. १०० मिळविण्यासाठी ११० लावावे लागतात, असा तेथील रूढ भाव आहे. त्यामुळे पैज लावणाऱ्याला नुसते मुद्दल राखण्यासाठीदेखील शंभरातून किमान ५२.४ वेळा अचूक ठरावे लागते. भाकिताच्या कोणत्याही पद्धतीचे मूल्यमापन या आकड्याच्या संदर्भातच करणे प्राप्त आहे.

या पद्धतींपैकी सर्वांत प्रसिद्ध सूत्र बिल जेम्स या अभ्यासकाचे आहे. संघाने केलेल्या धावांच्या वर्गाला, त्या वर्गाच्या व दिलेल्या धावांच्या वर्गाच्या बेरजेने भागले असता विजयांचे अपेक्षित प्रमाण मिळते. ८०० धावा करून ७०० देणाऱ्या संघाचे प्रमाण ०.५६६ येते, म्हणजे १६२ सामन्यांत सुमारे ९२ विजय. असा संघ प्रत्यक्षात ८५ सामनेच जिंकला असेल, तर निसटते सामने त्याच्या विरुद्ध गेले आणि पुढील वर्षी तो सुधारेल, असे अनुमान केले जाते. त्याच्या जोडीला माध्याकडे परतण्याचे तत्त्व लक्षात घ्यावे लागते. प्रत्येक सामना नाणेफेकीने ठरला असता, तरी १६२ सामन्यांतील विजयसंख्येचे प्रमाण विचलन ६.४ आले असते. प्रत्यक्षात संघासंघांतील विचलन सामान्यतः ११-१२ च्या आसपास आढळते. याचा अर्थ असा की, तक्त्यातील फरकात योगायोगाचा वाटा सुमारे एकतृतीयांश आणि गुणवत्तेचा दोनतृतीयांश असतो. म्हणून ९५ सामने जिंकणाऱ्या संघाचा पुढील अंदाज ९१ च्या आसपास ठेवणे युक्त ठरते.

हीच पद्धती महाराष्ट्रातील परिचित उदाहरणाला, म्हणजे इंडियन प्रीमियर लीगमधील मुंबई इंडियन्सला, लावून पाहिली असता काय दिसते? २०१८ च्या हंगामात या संघाने साखळीतील १४ पैकी ६ सामने जिंकले आणि तो पाचव्या स्थानी राहून बाद झाला. मात्र निव्वळ धावगतीत, म्हणजे दर षटकामागील केलेल्या व दिलेल्या धावांच्या फरकात, तो आठही संघांत पहिला होता : +०.३१७. पहिले तिन्ही सामने त्याने अखेरच्या षटकात गमावले, त्यांतील दोन तर अखेरच्या चेंडूवर. शेवटचा सामना दिल्लीकडून ११ धावांनी गेला. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, त्याने ९ सामने जिंकून तक्त्यात अग्रस्थान मिळविले आणि अंतिम सामन्यात चेन्नईला एका धावेने हरवून विजेतेपद पटकावले. जेम्सच्या सिद्धान्ताचे याहून सुबक उदाहरण शोधूनही सापडणार नाही, असे प्रथमदर्शनी वाटते.

परंतु एकूण बेरीज फसवी असू शकते. मंठा तालुक्यातील कोरडवाहू कापसाच्या किंवा सोयाबीनच्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही : दोन मुसळधार सरींनी हंगामाच्या पावसाची बेरीज भरून निघते, आणि मधल्या उघडिपीत पीक मात्र करपून जाते. मुंबईच्या त्या धावगतीतही अशीच एक मुसळधार सर होती. ९ मे २०१८ रोजी तिने कोलकात्याला १०२ धावांनी हरविले; एका सामन्यात दर षटकाला ५.१ धावांची आघाडी. स्थूलमानाने हा एक सामना वगळला, तर उरलेल्या तेरांची धावगती उणे ०.०५ होते. अर्थात केवळ उत्तम दिवस वगळणे न्याय्य नाही. हैदराबादविरुद्ध ११८ धावांचा पाठलाग करताना संघ ८७ धावांत बाद झाला, तो दिवसही वगळला असता उरलेल्या बारांची धावगती सुमारे +०.०७ येते. या बारा सामन्यांत विजय ५. अपेक्षा फार तर सहाची. दुर्दैव होते, पण ते एखाद्या विजयाएवढेच.

याहून मूलगामी अडचण हंगामाच्या लांबीची आहे. १४ सामने निव्वळ नाणेफेकीने ठरले, तर विजयसंख्येचे विचलन १.८७ येते. आठही संघ समबल मानल्यास, सरासरी सातपासूनच्या विचलनांच्या वर्गांची बेरीज २८ अपेक्षित धरावी लागते. २०१८ मधील विजयसंख्या ९, ९, ८, ७, ६, ६, ६, ५ अशा होत्या. त्यांची ही बेरीज अवघी १६ भरते. २०१९ मध्ये, अनिर्णित सामना अर्धा विजय धरून, ती १९.५ येते. म्हणजे दोन्ही वर्षी तक्ता नाणेफेकीच्या तक्त्यापेक्षाही अधिक सपाट होता! संघांमध्ये गुणवत्तेचा भेद नाही, असा निष्कर्ष यातून काढता येत नाही. तो भेद एका हंगामाच्या तक्त्यावरून वाचता येत नाही, एवढेच सिद्ध होते. २०२२ आणि २०२४ मध्ये मुंबईने प्रत्येकी चारच सामने जिंकले, तेव्हा नाना कारणे पुढे आली. त्यांतील काही खरीही असतील. तथापि चौदांत चार किंवा त्याहून कमी विजय मिळण्याची समबल संघाची संभाव्यता ९ टक्के आहे. दहा समबल संघांच्या स्पर्धेत दरवर्षी साधारण एका संघाच्या वाट्याला ते यावयाचेच.

गतवर्षीचा संघ यंदाही तोच असतो, हे बेसबॉलमध्ये बऱ्याच अंशी धरता येणारे गृहीतकही येथे डळमळते. २०१७ मध्ये १० सामने जिंकणाऱ्या मुंबईने २०१८ च्या महालिलावापूर्वी रोहित शर्मा, हार्दिक पंड्या आणि जसप्रीत बुमराह हे तीनच खेळाडू राखून ठेवले होते.

भारतात अशी पैज कायद्याला मान्य नाही. मुंबई प्रांताचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा आहे, आणि २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. तरीही आकडेशास्त्राच्या बळावर बुकीवर मात करता येते, हा समज सुशिक्षित तरुणांत टिकून आहे. म्हणून त्याची आकड्यांनीच तपासणी करावी. समजा, एखाद्या संघाची कोणताही सामना जिंकण्याची खरी संभाव्यता ०.५५ आहे आणि बुकीचा आकडा ७.५ आहे. त्या संघाला आठ किंवा अधिक विजय मिळण्याची संभाव्यता ०.५४६ भरते. वर सांगितलेल्या भावाने ११० रुपयांच्या पैजेवर सरासरी लाभ पावणेपाच रुपयांच्या आसपास होतो. हा लाभ मात्र ०.५५ हा आकडा निश्चित ठाऊक असेल तरच. ०.५० आणि ०.५५ यांतील भेद दोन प्रमाण विचलनांच्या भरवशाने ओळखावयाचा, तर ४०० सामने पाहावे लागतात. वर्षाला १४ या हिशेबाने अठ्ठावीसहून अधिक हंगाम. ही स्पर्धा २००८ मध्ये सुरू झाली, आणि तिच्यातील संघ दर काही वर्षांनी लिलावात विखुरले जातात.