विश्लेषण : ‘भिवंडी’ वाचताना डोळा आधी काय पाहतो?

ही ओळ वाचताना तुमची नजर डावीकडून उजवीकडे सरळ सरकते आहे, असं तुम्हाला वाटत असेल. प्रत्यक्षात ती उड्या मारते आहे. एका जागी साधारण २०० ते २५० मिलिसेकंद थांबायचं आणि मग २० ते ४० मिलिसेकंदांत पुढे झेप घ्यायची. झेप चालू असताना डोळ्याला मजकूर वाचता येत नाही. वाचन होतं ते थांब्यांवर.

सराईत वाचकाच्याही १० ते १५ टक्के उड्या उलट्या, म्हणजे मागे जाणाऱ्या असतात. छोटे, ओळखीचे शब्द डोळा चक्क गाळतो. (हे आकडे प्रामुख्याने इंग्रजी वाचकांवरच्या प्रयोगांतले आहेत.) हे मोजणारं ‘आय-ट्रॅकर’ यंत्र डोळ्यावर अवरक्त प्रकाश टाकून बुबुळाची जागा टिपतं. चांगलं यंत्र सेकंदाला १००० वेळा नोंद घेतं. फोनवरचा साधा व्हिडिओ ३० चित्रांवर भागवतो, त्यावरून काय ते समजा.

शब्द अनोळखी किंवा अनपेक्षित असला की थांबा लांबतो, आणि वाक्याचा अर्थ लागला नाही की नजर मागे वळते. म्हणूनच डोळ्यांच्या हालचालींवरून डोक्यात काय चाललंय याचा अंदाज बांधता येतो.

आधी वेलांटी, मग ‘भ’

‘भिवंडी’ हा शब्द घ्या. उच्चारात आधी ‘भ्’ येतो, मग ‘इ’. कागदावर मात्र ऱ्हस्व वेलांटी आधी येते आणि ‘भ’ नंतर. शेजारच्या ‘टेमघर’मध्ये ही भानगड नाही, तिथे मात्रा निमूटपणे डोक्यावर बसते. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ साली हिंदी वाचकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. वेलांटी आणि उच्चार यांचा क्रम असा उलटा असला की शब्द वाचायला जास्त वेळ लागतो, असं त्यात दिसलं.

मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चॅटर्जी सिंग आणि सहकाऱ्यांनी देवनागरी वाचणाऱ्यांच्या मेंदूचे एफएमआरआय स्कॅन केले. वाचनासाठी नेहमी कामाला लागणाऱ्या डाव्या भागांबरोबर उजव्या बाजूचा, जागेचं भान सांभाळणारा भागही त्यांत सक्रिय दिसला. कारण उघड आहे. आपल्या अक्षराला वर, खाली, पुढे, मागे कुठूनही चिन्ह चिकटतं, आणि ते कुठे आहे हे पाहिल्याशिवाय अक्षर पुरं होत नाही.

भिवंडीत पाट्या एकाच लिपीत नसतात. उर्दू उजवीकडून डावीकडे वाचतात. इंग्रजी वाचताना नजरेचा पल्ला पुढे, म्हणजे उजवीकडे १४-१५ अक्षरं पसरतो आणि डावीकडे जेमतेम ३-४. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उर्दू आणि इंग्रजी दोन्ही वाचणाऱ्यांची नजर तपासली गेली. उर्दू समोर आली की त्यांचा पल्ला डावीकडे झुकत होता, इंग्रजी आली की उजवीकडे. माणूस तोच, डोळे तेच!

‘शिक्षा’ म्हणजे शाळा की छडी?

हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. दिसायला सारखे आणि अर्थाने वेगळे असे शब्द संगणकाला हमखास फसवतात. आयआयटी मुंबईत प्रा. पुष्पक भट्टाचार्य यांच्या गटानं यासाठी माणसांच्या नजरेचीच मदत घेतली. दिप्तेश कनोजिया आणि सहकाऱ्यांनी हिंदी-मराठी शब्दजोड्या वाचताना वाचकांची नजर कुठे किती रेंगाळते याची नोंद घेतली आणि ती प्रणालीला पुरवली. दोन भाषांतले एकाच कुळातले शब्द ओळखण्यात १० टक्के सुधारणा झाल्याचं त्यांच्या २०२१च्या शोधनिबंधात म्हटलं आहे. याच गटानं त्याआधी, २०१६ साली, वाचकाला उपरोध कळला की नाही हे त्याच्या नजरेवरून ओळखण्याचा प्रयत्न केला होता. उपरोधाच्या जागी डोळा अडखळतो, मागे जातो.

मेंदूचा धक्का मात्र डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडमधून, म्हणजे ईईजीवर दिसतो. ‘यंत्रमागावर रात्रभर चहा विणला’ हे वाक्य वाचा. ‘विणला’पाशी काहीतरी खटकलं ना? असा विसंगत शब्द आल्यावर साधारण ४०० मिलिसेकंदांनी विद्युत आलेखात एक ठळक लहर उमटते. मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी १९८० साली ती नोंदवली. तिला ‘एन-४००’ म्हणतात. अपेक्षा जितकी पक्की, तितका धक्का मोठा. ‘टेमघर’ वाचल्यावर पुणेकर ‘धरण’ या शब्दाची वाट पाहील. भिवंडीकराच्या मनात शहाड-टेमघर पाणीपुरवठा किंवा मेट्रो-५चं स्थानक येईल.

मूल वाचताना अडतं तेव्हा

घरात एक भाषा, गल्लीत दुसरी, शाळेत तिसरी, अशी मुलं भिवंडीत कमी नाहीत. वाचनात मागे पडणारं मूल नव्या भाषेमुळे अडतंय की त्याला डिस्लेक्सिया आहे, हे इंग्रजीतल्या एकाच चाचणीवरून ठरवणं धोक्याचं. मानेसरच्याच केंद्रानं ‘डाली’ नावाची चाचणी हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत तयार केली ती यासाठीच. ती पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी आहे.

डिस्लेक्सिया असलेल्या मुलाची नजर जास्त थांबते, जास्त वेळा मागे जाते, हे खरं. पण तो अडचणीचा परिणाम आहे, कारण नव्हे. अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्ररोग तज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ साली संयुक्त निवेदनात सांगितलं होतं, की डोळ्यांच्या व्यायामानं किंवा रंगीत चष्म्यानं डिस्लेक्सिया बरा होतो याला शास्त्रीय आधार नाही. त्यामुळे ‘नजर सुधारा, वाचन सुधारेल’ अशा महागड्या शिकवण्यांपासून पालकांनी दूर राहिलेलं बरं. चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा, तो वेगळा मुद्दा.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. सरकारमान्य केंद्राचं प्रमाणपत्र असेल तर राज्य मंडळाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात यासाठी स्वतंत्र क्लिनिक आहे. जाताना मुलाच्या वह्या सोबत न्याव्यात. लिहिताना तो कुठे अडतो हे त्यांत दिसतं.