पुन्हा येणारा पाहुणा : हॉटेल व्यवसायातील नित्य ग्राहक योजना

छत्रपती संभाजीनगर हे शहर देशविदेशांतील प्रवाशांना अजिंठा-वेरूळचे प्रवेशद्वार म्हणून परिचित आहे. १९८३ मध्ये या दोन्ही लेण्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तथापि, शहरातील हॉटेल व्यवसाय केवळ पर्यटकांवर अवलंबून नाही. चिकलठाणा, वाळूज व शेंद्रा येथील कारखान्यांत कामानिमित्त येणारे अभियंते आणि विक्री प्रतिनिधी, मुंबई उच्च न्यायालयाच्या १९८१ पासून येथे कार्यरत असलेल्या खंडपीठासमोरील कामांसाठी येणारे वकील व पक्षकार, रुग्णांसोबत येणारे नातेवाईक असे अनेकजण या शहरात वारंवार मुक्काम करतात. हा पाहुणा प्रत्येक वेळी त्याच हॉटेलात उतरावा, यासाठी केलेली पद्धतशीर योजना म्हणजे नित्य ग्राहक योजना होय. व्यवसायात ती ‘लॉयल्टी प्रोग्रॅम’ या नावाने ओळखली जाते.

योजनेची गरज

या कल्पनेचा व्यापक प्रसार विमान वाहतुकीपासून झाला. अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीने १९८१ मध्ये वारंवार प्रवास करणाऱ्यांसाठी अशी योजना सुरू केली. १९८३ मध्ये हॉलिडे इन व मॅरियट या हॉटेल समूहांनी तिचे अनुकरण केले. पुढे देशोदेशींच्या साखळी हॉटेलांनी ती स्वीकारली. स्टेशन रोड किंवा जालना रोडवरील वीस-पंचवीस खोल्यांच्या हॉटेलास मात्र ही गोष्ट आपल्या आवाक्याबाहेरची वाटत असे. तेथे जुन्या व्यवस्थापकाची स्मरणशक्ती हीच योजना होती. कोणाला तळमजल्यावरील खोली हवी, कोण पहाटेच्या गाडीने जाणार, हे त्याला पाठ असे.

आता बरेचसे आरक्षण मोबाइलवरील संकेतस्थळांमार्फत होते. त्यासाठी हॉटेलास दलाली द्यावी लागते आणि पाहुण्याची ओळख हॉटेलापेक्षा त्या संकेतस्थळाशी अधिक राहते. उद्या दुसरे हॉटेल शंभर रुपयांनी स्वस्त दिसले की तो तिकडे वळतो. हॉटेल व्यवस्थापनाच्या संगणक प्रणालीत, म्हणजेच सॉफ्टवेअरमध्ये, नित्य ग्राहक योजनेची सोय असेल तर लहान हॉटेलासही या स्पर्धेत टिकाव धरता येतो.

नोंद हाच पाया

या कामाचा आरंभ पाहुण्याच्या नोंदीपासून होतो. एकच व्यक्ती एकदा ‘जोशी एस.’, दुसऱ्यांदा ‘सुनील जोशी’ आणि तिसऱ्यांदा कंपनीच्या नावाने नोंदली गेली, तर संगणकाच्या लेखी ते तीन पाहुणे ठरतात आणि नित्य ग्राहक दिसेनासा होतो. म्हणून भ्रमणध्वनी क्रमांक हा ओळखीचा मुख्य आधार धरावा. नवीन नोंद करण्यापूर्वी त्या क्रमांकाचा शोध घ्यावा आणि दुबार नोंदी एकत्र कराव्यात. खोलीविषयीची पसंती, आहार व येण्याचे प्रयोजन यांसाठी स्वतंत्र रकाने ठेवावेत. स्वागतकक्षातील कर्मचाऱ्यास हे काम नीट शिकविले नाही, तर उत्तम सॉफ्टवेअरही निरुपयोगी ठरते.

नियम आणि हिशेब

त्यानंतर प्रणालीत योजनेचे नियम भरावे लागतात. कोणत्या रकमेवर गुण द्यावयाचे, एका गुणाची किंमत किती, ते किती मुदतीत वापरावयाचे आणि कोणत्या दिवशी वापरता येणार नाहीत, या चार गोष्टी आधीच ठरवाव्यात. उदाहरणार्थ, खोलीभाड्याच्या दर १०० रुपयांस ५ गुण आणि एका गुणाची किंमत १ रुपया, असे मानू. महिन्यातून दोन रात्री २,००० रुपये भाड्याच्या खोलीत राहणारा प्रतिनिधी वर्षाकाठी ४८,००० रुपये देतो. त्याच्या खात्यावर २,४०० गुण जमतात, म्हणजे एक रात्र विनामूल्य मिळून ४०० गुण शिल्लक राहतात. तोच पाहुणा १५ टक्के दलाली घेणाऱ्या संकेतस्थळामार्फत आला असता, तर हॉटेलास ७,२०० रुपये द्यावे लागले असते. अर्थात, हा लाभ थेट आरक्षण करणाऱ्यासच द्यावा; अन्यथा दलाली आणि गुण असा दुहेरी भार पडेल.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. पाहुण्याच्या खात्यावरील गुण हे हॉटेलाचे देणे होय. एप्रिल-मे महिन्यांत रिकाम्या राहणाऱ्या खोलीचा लाभ दिल्यास धुलाई व विजेपुरताच खर्च येतो. डिसेंबरच्या गर्दीत मात्र तीच खोली भाड्याने गेली असती. म्हणून गर्दीचे दिवस वगळणे योग्य, परंतु तसे सदस्यास प्रथमच स्पष्ट सांगावे. नियम मध्येच बदलून साठलेले गुण रद्द करणारे हॉटेल पाहुणाही गमावते आणि नावही.

पर्यटकांसाठी वेगळा विचार

अजिंठा पाहण्यास दूरवरून आलेले कुटुंब पुन्हा लवकर येण्याचा संभव कमी असतो. त्यास गुण देण्यापेक्षा त्याचा मुक्काम एका दिवसाने वाढेल असा लाभ द्यावा. वेरूळ शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवर, तर अजिंठा सुमारे १०० किलोमीटरवर वेगळ्या रस्त्याने आहे. अजिंठा लेणी सोमवारी व वेरूळ लेणी मंगळवारी बंद असतात. आरक्षणाच्या वेळीच ही माहिती देणारा संदेश प्रणालीतून पाठविला आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या रात्रीस सवलत दिली, तर पाहुण्याची गैरसोय टळते. असा संतुष्ट प्रवासी आपल्या परिचितांना पाठवितो. त्याच्या शिफारशीने आलेल्यास सवलत देण्याची सोयही प्रणालीत ठेवता येते.

माहितीची जबाबदारी

पाहुण्याची माहिती ही त्याने विश्वासाने दिलेली ठेव आहे. परदेशी पाहुण्यांची माहिती कायद्यानुसार २४ तासांच्या आत कळवावी लागते. परंतु ओळख पटविण्यासाठी घेतलेली कागदपत्रे जाहिरातीसाठी वापरता येत नाहीत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ याने संमतीचे तत्त्व मान्य केले आहे. म्हणून सदस्य होण्याची संमती वेगळी घ्यावी, संदेश थांबविण्याचा मार्ग सोपा ठेवावा आणि प्रत्येक कर्मचाऱ्यास त्याच्या कामापुरतीच माहिती दिसेल, अशी व्यवस्था करावी.

योजना सुरू करण्यापूर्वी हॉटेलचालकांनी गेल्या वर्षाची नोंदवही तपासावी. दोनपेक्षा अधिक वेळा आलेले पाहुणे किती, ते कोणत्या कामासाठी आले आणि त्यांतील किती जण येईनासे झाले, एवढे पाहिले तरी योजनेची दिशा स्पष्ट होते. आरंभी तीस-चाळीस नित्य ग्राहकांपुरतीच साधी योजना राबवावी आणि दर महिन्याच्या अहवालावरून तिच्यात सुधारणा करावी. अशा रीतीने स्थानिक हॉटेलांना वर्षभर ग्राहक मिळाले, तर त्यांतील कामगारांचा रोजगारही हंगामापुरता न राहता बाराही महिने टिकू शकेल.