बेस गिटार विवर्धक
बेस गिटारच्या तारांच्या कंपनांपासून मिळणारा क्षीण विद्युत् संकेत ध्वनिक्षेपक चालविण्याइतका प्रबल करणारी इलेक्ट्रॉनीय प्रयुक्ती. सर्वांत जाड तारेची कंप्रता सु. ४१ हर्ट्‌झ असते; असे मंद्र स्वर कानास कमी जाणवत असल्याने शक्ती अधिक लागते. अँपेग कंपनीच्या १९६९ मधील नलिका-विवर्धकाची शक्ती ३०० वॉट व वजन सु. ४० किग्रॅ. होते, जोराने वाजविल्यास त्याचा स्वर भरदार व किंचित खरखरीत होतो. ‘ड’ वर्गाच्या विवर्धकात ट्रँझिस्टर स्विचाप्रमाणे उघडझाप करतात. त्यामुळे उष्णता कमी निर्माण होते आणि हलक्या वीजपुरवठा-मंडलामुळे ५०० वॉटचा विवर्धकही २–३ किग्रॅ. भरतो, स्वर मात्र अधिक स्वच्छ असतो. ३०० वरून ५०० वॉट केल्याने ध्वनिपातळी सु. २ डेसिबेलच वाढते. म्हणून गिरगावातील खोताच्या वाडीसारख्या अरुंद गल्ल्यांच्या व लाकडी जिन्यांच्या वस्तीतील वादकाने वॉटांपेक्षा स्वरगुण व वजन पाहणे इष्ट ठरते.