निवडलेल्या भाजीचा हिशेब

आपल्याकडे गावाची ओळख सांगताना बाजाराचा वार सांगायची जुनी पद्धत आहे. म्हापसा म्हटले की शुक्रवार आलाच. पुण्यात तर पेठांनाच वारांची नावे पडली. लग्नाची बोलणी, उसनवारीची फेड, दळणाचा डबा, पाहुण्याचे येणे, सारे काही ‘बाजाराच्या आधी’ किंवा ‘बाजार झाल्यावर’ ठरायचे. कॅलेंडर भिंतीवर असे, पण घर चाले ते बाजाराच्या वारावर.

ते स्वयंपाकघरातही दिसे. बाजार झाला की पहिले दोन दिवस पालेभाज्यांचे. मेथी, चुका, शेपू, कोथिंबिरीच्या वड्या. मग गवार, भेंडी, वांगी यांची पाळी. चौथ्या-पाचव्या दिवशी दुधी आणि भोपळा निघायचा, त्यानंतर मटकीला मोड यायचे, आणि बाजाराच्या आदल्या रात्री हमखास पिठले. त्या पिठल्याला कोणी गरिबी म्हणत नसे. टोपली रिकामी झाली, आठवडा नीट पुरला, एवढाच त्याचा अर्थ. फ्रीज नसलेल्या घरातला तो जमाखर्च होता आणि तो एक पैशाने चुकत नसे.

बँकेच्या नोकरीतली माझी काही वर्षे अशाच एका बाजाराच्या गावी गेली. १९६९ साली १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत आडगावी शाखा निघाल्या, त्यांतलीच ही एक. बाजाराच्या दिवशी दुपारनंतर काउंटरवर जी रोकड येई तिला कोथिंबिरीचा वास असे. एक भाजीवाली मावशी कमरेची पिशवी उलटी करून म्हणायची, “सायेब, नीट मोजून घ्या, नोटा वल्या हायेत.” कॅशियर त्या पंख्याखाली वाळत घाली. देशात दशमान वजने १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली, तरी या मावशीच्या तोंडी धान्याचा हिशेब मापाचाच होता. दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली. आमच्या मशीनपेक्षा तिचे गणित लवकर सुटे.

पण बाजार म्हणजे अर्धेच काम. पिशव्या घरी येऊन उंबऱ्याशी टेकल्या की पुरुषांच्या लेखी बाजार संपतो, आणि बायकांचा तिथून सुरू होतो.

मेथीची जुडी सोडायची, पिवळी पाने काढायची, कोवळे देठ ठेवायचे, जून टाकायचे. गवारीच्या शिरा काढून ती मोडायची. तांदूळ सुपात घेऊन पाखडायचे, घोळायचे, मग परातीत निवडायचे. पाखडले की हलके फोलपट उडून जाते. घोळले की खडा आणि दाणा वेगळे होतात. मनगटाच्या या दोन हालचालींत फरक असतो आणि तो कोणत्याही पुस्तकातून शिकता येत नाही. तूरडाळीला ऊन द्यायचे, शेंगदाणे भाजून कूट करायचे, खोबरे किसून ठेवायचे. वालाचे बिरडे करायचे तर सगळ्यांत मोठी परीक्षा. रात्री भिजवायचे, सकाळी उपसून फडक्यात बांधायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. घासाला पाच सेकंद लागतात, त्यामागे दोन दिवस असतात.

दळणाचेही शास्त्र होते. बाजरीत तेलाचा अंश अधिक, म्हणून तिचे पीठ थोड्याच दिवसांत कडवट होते. ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची विरी जाते आणि थापताना भाकरी चिरते. म्हणून धान्याचे पोते वर्षाचे असले तरी दळण आठवड्याचेच. शाळा न पाहिलेल्या बाईला हे ठाऊक असे. मात्र आमच्या बँकेत खाते उघडायला आली की तिच्या फॉर्मवर ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘गृहिणी’ आणि ‘उत्पन्न’ या रकान्यात ‘निरंक’ लिहिले जाई. लिहिणारा बहुधा सोबत आलेला नवरा किंवा मुलगा असे. शेकडो फॉर्मांवर मी तो शब्द पाहिला आहे.

या निरंकाची किंमत काय, हे आता मंडईच सांगू लागली आहे. सोललेला लसूण, निवडलेली मेथी, सोललेल्या डाळिंब्या, चिरलेले सुरण, सारे पिशवीत भरून विकायला असते आणि न निवडलेल्या मालापेक्षा भाव बराच चढा. आपण कुरकुरत का होईना, तो देतो. तो चढा भाव म्हणजेच निवडण्याची मजुरी. परकी बाई लसूण सोलते तेव्हा ती मजुरी, घरची सोलते तेव्हा ती माया. मायेला पावती नसते, म्हणून ती कुठल्याच ताळेबंदात चढत नाही.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर पाहणी केली, लोकांचा दिवस कशात जातो याची. बिनमोल घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, असे आढळले. ते करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. शिवाय शंभरातल्या सुमारे ८१ बायका रोज हे काम करत होत्या आणि पुरुष सुमारे २६. म्हणजे चार पुरुषांतले तिघे या हिशेबात आलेच नाहीत.

बाजार बदलतो आहे, आणि ते वाईट आहे असे मी म्हणणार नाही. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मोकळा केला आणि शहरांतही शेतकऱ्यांचे आठवडे बाजार भरू लागले. २०२० च्या टाळेबंदीत बाजार उठले तेव्हा आपला आठवडा कसा लंगडा झाला, हेही सर्वांनी पाहिले. आता तराजूशेजारी मोबाईलने पैसे देण्याचा चौकोन चिकटवलेला असतो आणि नोटा वाळत घालाव्या लागत नाहीत. निवडलेली भाजी विकत आणणाऱ्या सुनेला नावे ठेवणाऱ्यांतलाही मी नाही. नोकरी करून आलेल्या बाईने रात्री दहाला डाळिंब्या सोलत बसावे, ही अपेक्षा परंपरेच्या नावाखाली करणे सोपे आहे, करणाऱ्याला स्वतः सोलाव्या लागत नाहीत तोवर.

बिरडे हवे असेल तर दोन माणसांनी बसावे. निवृत्तीनंतर आमच्या घरी मी मेथी निवडायला बसतो. पहिल्या जुडीला पाऊण तास लागला होता, आता वीस मिनिटे लागतात. अजून ‘देठ फार ठेवलेत’ हा शेरा मिळतोच. बहुतेक घरांत भाजी निवडताना खाली वर्तमानपत्र पसरतात. हीच पुरवणी तुमच्याकडे दोन दिवसांत त्या कामी येईल. तेव्हा तिच्यावर किती जणांचे हात आहेत, एवढे मोजावे.