मान वेगळा, खुर्ची वेगळी



पदाधिकारी बदलायचा विषय निघाला की बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "जिनं गट उभा केला, तिलाच राहू द्या की!" ऐकायला ते बरंही वाटतं. तिनं दारोदार फिरून बाया गोळा केल्या, बँकेच्या पायऱ्या झिजवल्या, घरच्यांची बोलणी खाल्ली. मग तिचा मान राखायला नको का?

राखायलाच हवा. पण मान आणि खुर्ची या दोन गोष्टी एकच आहेत का? हा प्रश्न फक्त आपल्या गटांपुढचा नाही. आफ्रिका खंडात ज्यांनी लढून देश स्वतंत्र केले, त्या पुढाऱ्यांपुढेही तो आला. कुणी खुर्ची वेळेवर सोडली, कुणाला ती सोडवेना. आज आपण त्यांच्याविषयी बोलू.

पहिली गोष्ट झिम्बाब्वेची. या देशाचं आधीचं नाव ऱ्होडेशिया. तिथं मूठभर गोऱ्या लोकांचं राज्य होतं आणि चांगली जमीन त्यांच्याच ताब्यात होती. रॉबर्ट मुगाबे हे तिथले एक शिक्षक. या राज्याविरुद्ध उभे राहिले म्हणून १९६४ साली ते तुरुंगात गेले आणि सुमारे दहा वर्षं आतच राहिले. या काळात त्यांचा लहान मुलगा गेला. त्याच्या अंत्यविधीलाही त्यांना सोडलं नाही. तरी माणूस खचला नाही. तुरुंगातून पत्राद्वारे शिकून त्यांनी पदव्या घेतल्या, सुटल्यावर शेजारच्या मोझांबिकमधून लढा चालवला. १८ एप्रिल १९८० ला देश स्वतंत्र झाला आणि मुगाबे पंतप्रधान झाले.

सुरुवात चांगली झाली. खेड्यापाड्यात शाळा निघाल्या, दवाखाने निघाले. ज्यांनी तुरुंगात टाकलं त्यांच्याशीही वैर धरणार नाही, असं मुगाबेंनी जाहीर केलं. जगभर त्यांचं कौतुक झालं.

मग काय बिघडलं? स्वातंत्र्याच्या लढ्यात आणखी एक मोठा पक्ष होता, जोशुआ एन्कोमो यांचा. त्याला मानणारे लोक मुख्यतः माटाबेलेलँड या भागात राहत. १९८३ पासून तिथं सैन्य घुसवलं गेलं आणि हजारो साधी माणसं मारली गेली. १९८७ साली घटना बदलून पंतप्रधानपद काढून टाकलं आणि सगळे अधिकार राष्ट्राध्यक्षाकडे दिले. राष्ट्राध्यक्ष झाले मुगाबेच. किती वेळा निवडून यायचं, याला काही मर्यादाच नव्हती.

२००० साली त्यांनी नव्या घटनेवर लोकांचं मत घेतलं, तेव्हा लोकांनी 'नको' म्हणून सांगितलं. त्यानंतर गोऱ्यांची शेतं बळजबरीनं ताब्यात घेण्याची लाट आली. जमिनीचं वाटप अन्यायाचं होतं हे खरंच. पण बरीचशी चांगली शेतं सत्तेच्या जवळच्या माणसांकडे गेली आणि त्या शेतांवर राबणाऱ्या असंख्य मजुरांचं काम सुटलं. शेती बसली, सरकार नोटा छापत राहिलं. २००९ च्या जानेवारीत तिथं एका नोटेवर एकापुढे चौदा शून्यं होती. पैसा इतका पडला, की शेवटी लोक परदेशी चलनात व्यवहार करू लागले. जिनं पै पै करून बचत केली होती, तिची बचत मातीमोल झाली. बचत म्हणजे काय हे आपल्याला कुणी सांगायला नको, म्हणून ही गोष्ट आपल्या काळजाला लागते.

२००८ च्या निवडणुकीत पहिल्या फेरीत मुगाबे मागे पडले. मग विरोधकांच्या माणसांवर इतका मार बसला, की पुढे असलेल्या मॉर्गन त्स्वांगिराई यांनी दुसऱ्या फेरीतून अंग काढून घेतलं. मुगाबे एकटेच उरले आणि निवडून आले. अखेर नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांच्याच सैन्यानं त्यांना घरात कोंडलं, संसदेत त्यांना काढण्याचं काम सुरू झालं, तेव्हा ९३ व्या वर्षी त्यांनी राजीनामा दिला. ३७ वर्षं सत्ता होती. २०१९ मध्ये त्यांना मरण आलं ते सिंगापूरच्या दवाखान्यात.

या गोष्टीत एक बाईही आहे. जॉइस मुजुरू. शाळा सोडून कोवळ्या वयात त्या लढ्यात उतरल्या. देश स्वतंत्र झाला तेव्हा पंचविशीत मंत्री झाल्या, २००४ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष. मुगाबेंनंतर त्याच येतील, असं लोक बोलू लागले. २०१४ मध्ये कटाचा आरोप ठेवून त्यांना पदावरून काढलं. आरोप त्यांनी नाकारला, पण उपयोग झाला नाही. जिथं खुर्ची रिकामी होण्याची वेळ ठरलेली नसते, तिथं पुढची तयार झालेली माणसं शत्रू वाटू लागतात.

आता शेजारचाच देश, दक्षिण आफ्रिका. तिथं काळ्या लोकांना मत नव्हतं आणि आपल्याच देशात फिरायला पास लागत असे. हा पास बायांवरही लादायचं ठरलं, तेव्हा ९ ऑगस्ट १९५६ ला सुमारे वीस हजार बाया प्रिटोरियात सरकारच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. याच लढ्यातले नेल्सन मंडेला. २७ वर्षं तुरुंगात काढून ते ११ फेब्रुवारी १९९० ला सुटले. त्याच वर्षी आपल्या देशानं त्यांना भारतरत्न दिलं. १९९४ मध्ये सगळ्यांना मताचा हक्क मिळाला आणि मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले.

त्यांचा शब्द कोण मोडणार होतं? तरी १९९५ मध्ये तिथल्या घटना न्यायालयानं त्यांचे निवडणुकीबाबतचे आदेश रद्द केले. त्या न्यायालयाच्या प्रमुखाला मंडेलांनीच नेमलं होतं. शिवाय जन्मठेपेच्या खटल्यात मंडेलांच्या बाजूनं लढलेल्या वकिलांपैकीच ते एक. मंडेलांनी लोकांसमोर सांगितलं, की निकाल मला मान्य आहे. पुढच्या वर्षी नवी घटना झाली. एका माणसानं राष्ट्राध्यक्षपदावर दोनपेक्षा जास्त मुदती राहायचं नाही, असं तिनं बांधून दिलं. मंडेलांना दुसरी मुदत घेता आली असती. त्यांनी घेतली नाही. १९९७ च्या डिसेंबरात पक्षाचं अध्यक्षपद थाबो एम्बेकींकडे दिलं आणि १९९९ मध्ये राष्ट्राध्यक्षपदही सोडलं. त्यांचा मान मात्र मरेपर्यंत तसूभर कमी झाला नाही.

यावरून कुणी म्हणेल, मंडेला भले आणि मुगाबे वाईट, संपली गोष्ट. तसं मानलं तर आपण काहीच शिकलो नाही. दोघेही लढले, दोघांनीही तुरुंग भोगला, आणि १९८० साली मुगाबेही भलेच वाटले होते. पुढे कोण कसा निघेल हे कपाळावर लिहिलेलं नसतं. म्हणून नियम लागतो. मंडेलांच्याच पक्षातले जेकब झुमा हेही दहा वर्षं तुरुंगात राहिलेले. २००९ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले, भ्रष्टाचाराचे आरोप वाढत गेले आणि २०१८ मध्ये पक्षानंच त्यांना राजीनामा द्यायला लावला. पुढे न्यायालयाचा आदेश मोडला म्हणून २०२१ मध्ये त्यांना तुरुंगवासाची शिक्षाही झाली. माणूस घसरला, पण नियम आणि न्यायालय जागेवर होतं.

मधली वाटही असते. झांबियाचे केनेथ कौंडा २७ वर्षं सत्तेवर राहिले. मध्यंतरी त्यांनी इतर पक्षांवर बंदीच घातली. पण लोकांनी रेटा लावला तेव्हा १९९१ मध्ये मोकळी निवडणूक घेतली, हरले, आणि शांतपणे घरी गेले.

मोठ्या लढ्यातल्या माणसांना खुर्ची का सोडवत नाही? लढ्यात हुकूम पाळावा लागतो. प्रश्न विचारणारा फितूर ठरतो. लढा संपतो, पण ती सवय राहते. 'आम्ही रक्त सांडलं' हे वाक्य मग प्रत्येक हिशोबाचं उत्तर होतं. भोवतीची माणसं स्वतःच्या लाभासाठी 'तुम्हीच राहा' म्हणत राहतात. आणि जितकं जास्त बसावं, तितकी उठल्यावर जाब विचारला जाण्याची भीती वाढते.

मैत्रिणींनो, गट म्हणजे देश नव्हे. पण अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष आपल्याकडेही आहेत आणि घामाचे पैसेही आहेत. म्हणून पुढच्या बैठकीत चार प्रश्न मांडा. पदाची मुदत इतिवृत्तात लिहिली आहे का, आणि ती संपल्यावर निवड खरंच होते का? पासबुक आणि नोंदवह्या सगळ्या बैठकीत उघडतात का? हिशोब लिहायला आणखी दोघी शिकल्या आहेत का? आणि एखादीनं प्रश्न विचारला, तर तिला 'फूट पाडते' असं म्हटलं जातं का?

जिनं गट उभा केला, तिला जुनी अध्यक्ष म्हणून बैठकीत मानानं बसवा, तिचा सल्ला घ्या, नव्या गटांना शिकवायला तिला पुढे करा. ती बाजूला झाल्यावरही गट नीट चालला, तर तिनं तो पक्का उभा केला होता, हे साऱ्या गावाला दिसेल.