वडिलांची बंदूक घरी आणताना

समजा, आपले वडील पलटणीतून निवृत्त होऊन बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात शेती पाहत होते. रानडुकरांचा त्रास, म्हणून घरात परवान्याची दुनळी बंदूक होती. वडील गेले. तेरावे आटोपले. आता डोंबिवलीला परतायचे, घराला कुलूप लागणार. कपाटातल्या बंदुकीचे काय करायचे? आपल्याला साहजिकच वाटते की, चोराच्या हाती लागण्यापेक्षा बरोबर न्यावी हे बरे. वडिलांचा परवाना ट्रंकेत आहेच. कोणी विचारले तर दाखवला की झाले.

पण तसे होत नाही. पुष्कळ सज्जन माणसे गोत्यात येतात ती इथेच. परवाना बंदुकीला मिळत नाही, माणसाला मिळतो. वडील होते तोवर त्यांनी लेखी अधिकार दिला असता, तर दुरुस्तीसाठी किंवा परवान्याच्या नूतनीकरणासाठी आपण ती नेऊ शकला असता. १९५९ च्या शस्त्र कायद्यात तशी सोय आहे. त्यांच्या मागे मात्र त्या चिठ्ठीचा उपयोग नाही. मिरज-पुण्यावरून येणाऱ्या गाडीतून आपण कल्याणला उतरलात, तर कायद्याच्या दृष्टीने विनापरवाना शस्त्र बाळगणारा इसम उतरला! २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला कमीत कमी दोन वर्षांची आणि जास्तीत जास्त पाच वर्षांची कैद आहे, शिवाय दंड. आणि शस्त्र नेण्याची रीत संशयास्पद दिसली, तर पोलीसच काय, रेल्वेचा नोकरसुद्धा अटक करू शकतो. मग परवाना असो वा नसो.

एक गंमत सांगतो. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी खानापूर आणि कल्याण दोन्ही मुंबई राज्यात होती. गाव जागचे हलले नाही, सीमा मात्र मध्ये आली. आणि परवान्यावर ‘क्षेत्र’ नावाचा रकाना असतो. तो परवाना जिल्ह्यापुरता, राज्यापुरता की भारतभर चालतो, हे तिथे लिहिलेले असते. हा रकाना फारच थोडे लोक वाचतात.

मग करावे काय? गावातून निघण्यापूर्वी बंदूक आणि काडतुसे मोजून जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करावीत आणि पावती घ्यावी. परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ठेवण्याचीही कायद्यात तरतूद आहे. मग डोंबिवलीला येऊन स्वतःच्या नावे अर्ज करावा. डोंबिवली, कल्याण, भिवंडी, उल्हासनगर ही १९८१ पासून ठाणे पोलीस आयुक्तालयात येतात, म्हणून अर्ज आयुक्तांकडे जातो. आपला चुलतभाऊ मुरबाडला राहत असेल, तर त्याला मात्र जिल्हाधिकाऱ्यांचे दार गाठावे लागेल. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसांसाठी वेगळी वाट आहे. मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची लेखी संमती बरोबर हवी. भावाभावांचे पटत नसेल तर गाडे अडते ते इथेच, कचेरीत नव्हे!

आणि वडील हयात असतील तर आणखी चांगले. त्यांनी सत्तरी गाठली, किंवा बंदूक बाळगून पंचवीस वर्षे झाली, तर त्यांच्या हयातीतच ती वारसाकडे देण्याचा मार्ग नियमांत आहे. पण हे काही घरात सहसा कुणी बोलत नाही.

परवाना हाती आला की पुन्हा तो रकाना पाहावा. कर्नाटकातून आणण्याचा मार्ग त्यात बसत नसेल, तर आधी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडून लेखी मंजुरी घ्यावी. मगच खानापूर गाठावे. बंदूक रिकामी करून पिशवीत बांधावी, काडतुसे वेगळी ठेवावीत, मूळ परवाना अंगावर असावा. ‘वेळ वाचेल’ म्हणून ओळखीच्या ट्रकवाल्याकडे ती देऊ नये. त्याच्यापाशी परवाना नाही, म्हणजे तोही अडकणार आणि आपणही.

बंदूक नकोच असेल, तर जमा केलेल्या ठिकाणाहूनच ती परवानाधारकाला विकता येते आणि पैसे वारसांना मिळतात. मात्र पावती पेटीत टाकून विसरू नका. ठरलेल्या मुदतीत काही केले नाही, तर जिल्हादंडाधिकारी ती सरकारजमा करू शकतात.