पावसाची सुट्टी कोणाला?

पाऊस कोसळू लागला की आपल्या कचेऱ्यांतून आणि शिक्षकांच्या खोल्यांतून चहा-भज्यांच्या गोष्टी रंगतात. हे सुख वस्तुतः पावसाचे नसून पगाराचे आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला व मुंबईचे व्यवहार थांबले. अशा दिवसांनी मासिक पगार सहसा कमी होत नाही. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या गवंड्याची व बिगाऱ्याची मजुरी मात्र बुडते. ओल्या भिंतीवर गिलावा धरत नाही, परांचीवर पाय ठरत नाही. काम बंद राहते आणि वाण्याकडची उधारी वाढत जाते. आभाळ भरून आले की त्याचे मन का खचते, हे निराळे सांगावयास नको.

यावर उपाय नाही असे नव्हे. १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर किमान १ टक्का उपकर बसविला, तो याच कामगारांच्या कल्याणासाठी. त्या निधीतून पावसाने बुडालेल्या दिवसांची निदान अर्धी मजुरी द्यावयास काय हरकत आहे? याला कोणी खिरापत म्हणेल. परंतु आपण घेतो त्या भरपगारी रजेला आपण खिरापत म्हणतो काय?